सांगलीहून कुत्रं परदेशात न्यायचं असेल तर: आधी चिप, मग लस, मग रक्त

व्हिसा आला, तिकीट काढलं, आता टॉमीचं काय करायचं, हा प्रश्न हल्ली सांगली-मिरजेतनं मला बऱ्याच जणांकडनं येतोय आणि बहुतेक वेळा तो चार महिने उशिरा आलेला असतो. मेव्हण्याची गावठी कुत्री जर्मनीला गेली तेव्हा तिचे सगळे कागद मी केले, तेव्हापासनं नातेवाईकांत आणि मित्रांत मीच त्यातला माणूस झालोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. हे काम अवघड नाहीये, पण लांबलचक आहे, आणि त्यात क्रम चुकला तर सगळं पहिल्यापासनं. पैसे टाकून वेळ विकत घेता येत नाही, ओळख लावून तर अजिबातच नाही, कारण तारखा तपासणारा माणूस फ्रँकफर्टला बसलेला असतोय, विश्रामबागेत नाही. त्यामुळं नोकरीची ऑफर हातात यायची वाट बघू नका. मुलाखती चालू असतील तेव्हाच चिप आणि लस उरकून घ्या, नाही गेलात तरी कुत्र्याला लस लागणारच होती, वाया काही जात नाही.

कारण काय तर रेबीज. युरोपियन युनियन, ब्रिटन, अमेरिका सगळ्यांनीच कोणत्या देशातनं येणाऱ्या जनावराला काय अट लावायची त्याच्या याद्या केल्यात, आणि भारत कडक अटींच्या बाजूला आहे. म्हणजे नुसतं लसीचं पुस्तक दाखवून चालत नाही, लसीनं अंगात खरंच प्रतिकारशक्ती तयार झाली का ते रक्त तपासून सिद्ध करावं लागतंय. सगळे महिने त्यातच जातात.

आता क्रम.

पहिली चिप. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काडी, मानेच्या खाली दोन खांद्यांच्या मध्ये सुईनं कातडीखाली सोडतात, भूल वगैरे काही लागत नाही. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या स्टँडर्डची, १५ आकडी नंबरची पाहिजे. बाजारात दुसऱ्या प्रकारच्याही असतात, त्या तिकडच्या स्कॅनरला वाचता आल्या नाहीत तर तुमचं कुत्रं कागदोपत्री कुणीच नाही. आपल्याकडं प्रत्येक दवाखान्यात चिप आणि स्कॅनर असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा, नसेल तर कोल्हापूर किंवा पुण्याला जावं लागंल. टोचायच्या आधी चिप पाकिटातच स्कॅन करायला लावा, टोचल्यावर परत स्कॅन करायला लावा आणि स्क्रीनवरचा नंबर पाकिटावरच्या स्टिकरशी एकेक आकडा जुळवून बघा. डॉक्टर वैतागतील, वैतागू द्या. एक स्टिकर पुस्तकात चिकटवायचा, बाकीचे जपून ठेवायचे, आणि चिप कधी टोचली, शरीरात कुठं टोचली हे लिहून सही-शिक्का घ्यायचा.

मग लस. चिपच्या दिवशीच दिली तरी चालते, पण चिपच्या आधी नाही. गाडी अडते ती बहुतेक इथंच. लोक म्हणतात अहो दरवर्षी लस दिलीय, पुस्तक भरलंय, अगदी बरोबर, पण चिप नसताना दिलेली लस नेमकी याच कुत्र्याला दिली याचा पुरावा काय? त्यामुळं चिपच्या आधीची लस हिशोबात धरत नाहीत, चिप टोचून झाल्यावर परत द्यायची. आणि ही लस म्हणजे नऊ-इन-वन नव्हे हां. ते डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेचं वेगळं, अँटीरेबीज वेगळी. पुस्तकात लसीच्या बाटलीचा स्टिकर, बॅच नंबर, दिल्याची तारीख आणि कुठवर चालते ती तारीख, हे सगळं पाहिजे. गावातल्या शिबिरात फुकट टोचलेली लस औषध म्हणून चांगलीच असते, पण तिथं बऱ्याचदा नुसती तारीख आणि सही मिळते, तेवढ्यावर विमानतळावर काही होत नाही. पिल्लू असेल तर १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय ही लस धरत नाहीत.

एक फुकटचा सल्ला, ज्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच अँटीरेबीज देताय त्याच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा का हे डॉक्टरांना विचारा. एका डोसवर रक्ताचा आकडा कधीकधी थोडक्यात कमी येतो आणि मग परत लस, परत रक्त, परत लॅबची फी.

मग रक्त. लसीनंतर कमीत कमी ३० दिवस जाऊ द्यायचे आणि मगच रक्त काढायचं, याला रेबीज अँटीबॉडी टायटर टेस्ट म्हणतात, नुसतं टायटर म्हणूनच सगळे बोलतात. आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त आला पाहिजे. टेस्ट कुठल्याही पॅथॉलॉजीत होत नाही, तुम्ही जाताय त्या देशाच्या यादीत असलेल्या लॅबमध्येच व्हायला लागते, म्हणून सीरम, म्हणजे रक्तातनं वेगळा केलेला पातळ भाग, बहुतेक वेळा बाहेरच्या देशात जातंय. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची रेबीज लॅब यातलं जुनं नाव आहे. लॅब निवडताना त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरची यादी स्वतः उघडून बघा, जनावरं परदेशी पाठवून देणाऱ्या एजंटच्या तोंडावर विश्वास नको. रक्त काढल्यावर सीरम वेगळं करून थंड ठेवून पाठवावं लागतं, नमुना खराब झाला की परत काढा. त्यामुळं ज्या दवाखान्यानं हे आधी केलंय तिथंच करा, त्यासाठी पुण्याला एक हेलपाटा पडला तरी पडू दे. लॅबच्या फॉर्मवर चिप नंबर लिहिलाय का ते सही करायच्या आधी बघा, नंबर नसलेला रिपोर्ट म्हणजे रद्दी.

आणि मग थांबायचं. युरोपियन युनियन आणि ब्रिटन दोघांनाही रक्त काढल्यापासनं पूर्ण तीन महिने पाहिजेत. रिपोर्ट आल्यापासनं नाही बरं का, रक्त काढल्याच्या तारखेपासनं, हे आपल्या फायद्याचं आहे. आता हिशोब उलटा मांडा, २० जानेवारीला उडायचं असेल तर रक्त २० ऑक्टोबरच्या आत निघालं पाहिजे, आणि चिप-लस त्याच्याही ३० दिवस आधी, म्हणजे २० सप्टेंबरच्या आत. ही अगदी काठावरची तारीख झाली, मी म्हणेन आषाढ-श्रावणात चिप-लस उरकून घ्या, दसऱ्याच्या आत रक्त काढा आणि संक्रांत झाल्यावर विमानात बसा. मध्ये टायटर कमी आलं तरी हातात थोडी जागा राहते.

देशादेशाचं वेगवेगळं आहे ते आता पटापट सांगतो.

जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, म्हणजे युरोपियन युनियन: वरचं सगळं, कुत्रं आणि मांजर दोघांना. शिवाय मालकानं जनावराच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतरपर्यंत तरी स्वतः प्रवास केला पाहिजे, नाहीतर तो व्यापारी माल धरतात आणि नियम बदलतात. जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, बुल टेरियर असल्या जाती आणायलाच बंदी आहे, आपल्याकडं कुस्तीच्या तालमीजवळ फिरवायला लोक घेतात त्याच त्या.

ब्रिटन: वरचं सगळं, अधिक कुत्र्याला पट्टकृमीचं औषध, आणि ते पोचायच्या २४ तास ते १२० तास आधीच्या मधल्या वेळेत, डॉक्टरांनी तारीख आणि वेळ लिहून दिलेलं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वेलाही ही अट आहे. औषधात प्रॅझिक्वांटेल किंवा तितकंच परिणामकारक दुसरं द्रव्य असलं पाहिजे. आणि ब्रिटनला विमानानं जनावर केबिनमध्ये मांडीवर घेऊन जाता येत नाही, कार्गोनंच, म्हणजे मालवाहतुकीतनंच जातंय, त्यामुळं तिथं एजंट जवळपास लागतोच.

अमेरिका: १ ऑगस्ट २०२४ पासनं कुत्र्यांचे नियम बदललेत. कुत्रं सहा महिन्यांच्या वरचं, चिप असलेलं, सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण खात्याचा, ऑनलाइन फॉर्म भरलेला पाहिजे. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे आणि लस इथं दिलेली आहे, त्यामुळं सरकारी पशुवैद्यकानं शिक्का मारलेला लस-चिपचा फॉर्म, टायटर, आणि तिथल्या नोंदणीकृत ॲनिमल केअर फॅसिलिटीत आधी केलेलं बुकिंग, एवढं लागतं. रक्त पोचायच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं. टायटर नसेल तर तिथं २८ दिवस क्वारंटाइन आणि त्याचा खर्च तुमच्यावर. उतरायचं पण ठराविक विमानतळांवरच, न्यूयॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टनचं डलेस, अटलांटा, लॉस एंजेलिस असे. शिकागोचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढून बसू नका. मांजरवाल्यांना मात्र सीडीसी रेबीजच्या लसीचा दाखला मागत नाही, नशीबवान आहेत, राज्याचा आणि एअरलाइनचा नियम तेवढा बघा.

कॅनडा त्यातल्या त्यात सोपं, स्वतःच्या घरच्या मोठ्या कुत्र्याला टायटर मागत नाहीत, लसीचा नीट दाखला चालतो. पण विकायला, दत्तक द्यायला, ब्रीडिंगला नेलेली कुत्री २८ सप्टेंबर २०२२ पासनं बंद आहेत, त्यामुळं कुत्रं तुमचंच आहे हे दाखवणारे कागद जवळ ठेवा. दुबईला आधी इम्पोर्ट परमिट, टायटर, आणि तिथंही कार्गोच. जपानला लसीचे दोन डोस, रक्त काढल्यापासनं १८० दिवस थांबा, आणि पोचायच्या ४० दिवस आधी त्यांना कळवायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातनं थेट घेतच नाहीत, मध्ये दुसऱ्या मान्य देशात कुत्र्याला महिनोन्महिने ठेवावं लागतंय. ऑस्ट्रेलियावाल्यांनी खरंच दोनदा विचार करा.

मध्येच पोपटाचं विचारतात लोक. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, नेण्याचं तर लांबच राहिलं.

आता क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, आणि इथं जरा सावकाश वाचा, कारण कागद सगळे बरोबर असूनही काउंटरवरनं कुत्रं परत पाठवतात ते क्रेटमुळं. मापं आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमानं घ्यायची. नाकापासनं शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासनं पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ती झाली क्रेटची आतली लांबी. रुंदी म्हणजे खांद्यापाशी जितकं रुंद त्याच्या दुप्पट. उंची म्हणजे उभं राहिल्यावर डोक्याचा किंवा कानाचा शेंडा, जे वर असेल ते, अधिक अंथरुणाची जाडी. समजा कुत्रं ७५ सेंटीमीटर लांब, कोपर ३४ वर, खांदा २० रुंद, कानाचा शेंडा ६२ वर, तर क्रेट आतनं ९२ लांब, ४० रुंद, ६२ आणि वर अंथरूण. आपल्या गावठी कुत्र्याचे कान उभे असतात, माप घेताना ते कान पाडतं आणि तुम्ही खूश होता, मग विमानतळावर घाबरून कान टवकारले की वर घासतात. कारवानी किंवा मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं असेल तर पाय लांब असल्यानं अंदाजापेक्षा बराच मोठा क्रेट लागतोय, आणि क्रेट मोठा म्हणजे कार्गोचं भाडंही मोठं, कारण भाडं नुसत्या वजनावर नाही, आकारमानावर पण लावतात.

क्रेटला चारी बाजूंनी हवा, दाराला लोखंडी जाळी, वरचा-खालचा भाग नटबोल्टनं आवळलेला, चाकं असतील तर काढलेली, पाण्याचं भांडं बाहेरनं भरता येईल असं. बाहेरनं जिवंत प्राणी असल्याचे आणि वरची बाजू दाखवणाऱ्या बाणाचे स्टिकर. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिट्झू, पर्शियन मांजर यांना क्रेट १० टक्के मोठा लागतो, आणि मुळात बऱ्याच एअरलाइन्स या चपट्या नाकाच्या जातींना घेतच नाहीत, श्वास अडकून प्रवासात दगावतात म्हणून. मोबाइलच्या जाहिरातीमुळं घरोघरी पग आलेत, त्यांच्या मालकांनी बाकी सगळं सोडून आधी एअरलाइनला फोन करा.

क्रेट तीन-चार महिने आधीच आणून हॉलमध्ये दार काढून ठेवा. त्यातच जेवण, त्यातच दुपारची झोप. कुत्र्याला ती आपली जागा वाटली पाहिजे, नवीन सुनेला माहेरची पेटी असते तशी. आधी दार लावून पाच मिनिटं, मग तासभर, मग रात्रभर, मग क्रेट गाडीत घालून आष्टा नाहीतर इस्लामपूरपर्यंत चक्कर. गुंगीचं औषध देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडतो, आणि गुंगलेलं जनावर दिसलं तर एअरलाइन चढवत नाही.

छोटं कुत्रं-मांजर केबिनमध्ये चालणाऱ्या एअरलाइन्स आहेत, लुफ्थांसाला बॅगेसकट ८ किलोपर्यंत चालतंय, पण एका विमानात जागा मोजक्याच असतात, त्यामुळं आधी जनावराची जागा पक्की करा आणि मग स्वतःचं तिकीट काढा. आपली लोकं नेमकं उलटं करतात.

कधी जायचं यावर पण बोलतो. एप्रिल-मे टाळा, विमानं उभी असतात त्या टारमॅकवरच्या उन्हामुळं एअरलाइन्स स्वतःच नाही म्हणतात. आणि सांगलीकरांनी जुलैचा शेवट आणि ऑगस्टही टाळावा, २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला लागलं, रस्ते बंद झाले, तर तुमचं दहा दिवसांचं सर्टिफिकेट घरात बसून संपेल.

हे दहा दिवसांचं म्हणजे काय, तर शेवटचं हेल्थ सर्टिफिकेट. युरोप आणि ब्रिटनसाठी ते काढल्यापासनं दहा दिवसांच्या आत तिथं पोचायला लागतंय. आधी आपल्या डॉक्टरांकडनं तब्येत ठीक असल्याचा आणि प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्यायचा, मग केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएसकडं जायचं. त्यांची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबादला आहेत, आपल्याला मुंबई. लसीचं पुस्तक, चिपचा दाखला, टायटरचा मूळ रिपोर्ट, डॉक्टरांचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स, तिकीट, जनावराचे फोटो, सगळ्याचे दोन-दोन सेट करा. कागद आधी ईमेल करून तपासून घ्या आणि वेळ ठरवूनच जा, जनावर समोर बघायला मागतात. सर्टिफिकेट ज्या देशात उतरताय त्याच्या भाषेतही लागतं, जर्मनीत उतरणार तर जर्मन आणि इंग्रजी. फ्रँकफर्टऐवजी पॅरिसला पहिलं उतरणार असाल तर फ्रेंच, हे लक्षात ठेवा.

आणि नावं! पुस्तकात मालकाच्या जागी "दादा पाटील" आणि पासपोर्टवर तिसरंच लांबलचक नाव असं चालत नाही. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं प्रत्येक कागदावर, कुत्र्याचा रंग, जन्मतारीख, नर-मादी सगळीकडं एकच. एका कागदावर तपकिरी आणि दुसऱ्यावर बदामी लिहिलं की प्रश्न विचारतात. जात विचारली तर गावठी कुत्र्याला मिक्स्ड ब्रीड लिहा, लाजायचं काही कारण नाही, उलट चपट्या नाकाची आणि बंदीची दोन्ही कटकटी नाहीत.

मुंबईला स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीनं जा, दोन दिवस आधी. सांगलीहून जवळपास पावणेचारशे किलोमीटर आहे, खंबाटकीत ट्रक आडवा झाला की तीन तास गेलेच. वाटेत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, रस्त्यात जनावराला काही झालं तर ते माहीत असलेलं बरं. मुक्कामाला डोंबिवली-ठाण्याचे पाहुणे असतील तर त्यांना कुत्रं येतंय हे आधी सांगा, सोसायटीवाले लिफ्टवरनं भांडतात.

उडायच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं खायला घाला, पाणी देत राहा, चांगलं फिरवून आणा. क्रेटमध्ये ओल शोषणारं अंथरूण आणि त्यावर घरातल्या जुन्या गोधडीचा तुकडा, न धुतलेला, वासासाठी. साखळी आत ठेवायची नाही. भांड्यात पाण्याचा बर्फ करून ठेवला तर सांडत नाही आणि हळूहळू पाणी होतंय. मूळ कागद तुमच्या हँडबॅगेत, क्रेटवर चिकटवायच्या पाकिटात फक्त झेरॉक्स.

एजंट करायचा का? ब्रिटन, दुबई असेल तर करा. जर्मनी-नेदरलँड्सला केबिनमधनं छोटं जनावर नेत असाल तर स्वतः जमतं. मोठं कुत्रं असेल तर निदान कार्गोचं बुकिंग त्यांच्याकडं द्या आणि चिप, लस, रक्त स्वतः करा, त्यातले आकडे तुमच्याइतके कुणी बारकाईनं बघणार नाही. कोटेशन घेताना क्रेट, लॅब, एक्यूसीएस, तिकडचा कस्टम क्लिअरन्स यातलं काय धरलंय आणि काय नाही हे लेखी मागा.

आणि बारा-तेरा वर्षांचं म्हातारं कुत्रं असेल, हृदयाचं-किडनीचं दुखणं असेल, गावाकडं आई-आबा आहेत, अंगण आहे, ते त्यांच्या अंगावरचं आहे, तर माझं मत विचाराल तर ठेवून जा. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, मला माहीत आहे.

युरोपात उतरल्यावर ग्रीन चॅनलमधनं बाहेर पडू नका, रेड चॅनलला जाऊन कागद दाखवा, ते चिप स्कॅन करतात. जर्मनीत पुढं नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून कुत्रापट्टी भरावी लागते, घरपट्टीसारखी दरवर्षी. आणि अँटीरेबीजचा पुढचा डोस पुस्तकात लिहिलेल्या तारखेच्या आत द्या. वेळेत देत राहिलात तर हेच टायटर युरोपसाठी कायम चालतंय, दिवाळीला भारतात आणून परत नेलं तरी. एक दिवस जरी उलटला तर ती पहिली लस धरतात, मग परत ३० दिवस, परत रक्त आणि परत तीन महिने. आणि तसं भारतात आणायचं असेल तर तिकडनं निघायच्या आधी एक्यूसीएसचं ना हरकत प्रमाणपत्र काढा, मुंबईत उतरल्यावर ते मागतात.